पायाळू बाळासाठी हात तयार ठेवा : प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक, लेबर रूमची जबाबदारी वाहणारे विभागप्रमुख आणि या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे. बाळंतपणात माझी जागा वॉर्मरजवळची, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राजवळची. आईच्या तपासण्या, तिच्याशी बोलणं, सिझेरियन की नॉर्मल हा निर्णय, हे सगळं तुमच्याकडे होतं. मला बोलावणं येतं ते शेवटी, आणि नाळ कापली की बाळ माझ्या हाती येतं. प्रसूती कशी करावी हे तुम्हाला शिकवायला मी हे पत्र लिहीत नाही. पण पायाळू बाळाचा, म्हणजे डोक्याऐवजी कुल्ले किंवा पाय आधी येणाऱ्या बाळाचा, जन्म कोणत्या वाटेने व्हावा, हा वाद ज्यांच्या नावाने गेली पंचवीस वर्षं चालू आहे, ती बाळं मी रोज पाहते. त्यांच्यासाठी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

एक रात्र सांगते. बाळ पायाळू होतं, सिझेरियनची तारीख ठरलेली होती, तीन दिवसांवर आली होती. कळा आधीच सुरू झाल्या. आई दवाखान्यात पोहोचली तेव्हा पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं होतं आणि बाळाचे कुल्ले दिसत होते. ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायलाही वेळ नव्हता. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने पायाळू प्रसूती फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. वरिष्ठ वाटेत होते, फोन चालू होता. बाळ बेंबीपर्यंत आलं आणि थांबलं. घाबरलेला कोणताही माणूस जे करेल तेच तिने केलं. तिने ओढलं. बाळाचे दोन्ही हात वर गेले, डोकं अडलं. बाळ माझ्याकडे आलं तेव्हा पांढरं पडलेलं, कापडासारखं लुळं, हृदयाचे ठोके साठच्या खाली. श्वास देत राहिलो, ठोके वर आले, बाळ रडलं. उजवा हात मात्र हलत नव्हता. खांद्यातल्या नसांना ताण बसला होता. तो हात पूर्ण वर उचलायला त्या मुलाला काही महिने लागले.

पहाटे ती डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी नेमकं काय करायला हवं होतं?"

मी तिला दोष देऊ शकले नाही, आजही देत नाही. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं. तिचा प्रश्न मी या पत्रातून तुमच्यापुढे ठेवते आहे.

तिला का शिकवलं नव्हतं, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'टर्म ब्रीच ट्रायल' ही चाचणी प्रसिद्ध झाली ('ब्रीच' म्हणजे पायाळू). २६ देश, १२१ केंद्रं, २०८८ स्त्रिया. पूर्ण दिवसांचं पायाळू बाळ असलेल्या या स्त्रियांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली : एका गटात सिझेरियन ठरवलेलं, दुसऱ्या गटात नॉर्मल प्रसूती ठरवलेली. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा-आजार, असा एकत्र निकष धरला तर सिझेरियनच्या गटात १०३९ पैकी १७ बाळं, म्हणजे १.६ टक्के, नॉर्मलच्या गटात १०३९ पैकी ५२, म्हणजे ५ टक्के. नुसते मृत्यू मोजले तर ३ आणि १३. फरक इतका ठळक होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली गेली. जगभरच्या लेबर रूम्स अक्षरशः काही महिन्यांत बदलल्या. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सिझेरियनचं प्रमाण दोन महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं आणि तिथल्या पायाळू बाळांचे मृत्यू खरोखर कमी झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि मी ते नाकारत नाही. जी बाळं वाचली ती माझ्यासारख्यांच्याच हातात आली असती.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि चर्चेत जवळपास कधीच येत नाही. सिझेरियन ठरवलेल्या १०४१ स्त्रियांपैकी प्रत्यक्षात सिझेरियन झालं ९४१ जणींचं. उरलेल्या शंभर जणींची प्रसूती नॉर्मल मार्गानेच झाली. चाचणी चालू आहे, सगळे सावध आहेत, कागदावर 'सिझेरियन' लिहिलेलं आहे, तरी दहातलं एक बाळ खालूनच आलं. माझ्या त्या रात्रीचं बाळ या शंभरांतलंच म्हणायचं.

म्हणून 'सिझेरियन की नॉर्मल' या प्रश्नाची मांडणीच मला अपुरी वाटते. आपण तुलना करतो ती दोन बेतांची. पायाळू बाळ बेत पाहून येत नाही. सगळ्या पायाळू बाळांचं सिझेरियन करायचं असं उद्या एकमताने ठरलं, तरी काही बाळं जिन्यात, गाडीत, लेबर रूमच्या दारात येणारच. काहींचं पायाळू असणं कळा सुरू झाल्यावरच कळणार. त्या बाळांचं पुढे काय होतं हे एकाच गोष्टीवर ठरतं : त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातांना काय येतं. आणि आपण गेल्या पंचवीस वर्षांत तेच हात रिकामे केले.

हे हात नेमकं काय वाचवतात, ते बाळाच्या बाजूने सांगते. डोक्याकडून येणाऱ्या बाळाच्या डोक्याला आकार घ्यायला कळांचे कित्येक तास मिळतात. पायाळू बाळाचं सगळ्यात मोठं आणि टणक अंग शेवटी येतं, आणि त्याला मिळतात काही मिनिटं. बेंबीपर्यंतचं अंग बाहेर आलं की नाळ आईची हाडं आणि बाळाचं अंग यांच्या मध्ये दाबली जाते. म्हणूनच अनेक पायाळू बाळं पहिल्या मिनिटाला निपचित असतात, ॲप्गार (बाळाच्या तब्येतीचे दहापैकी गुण) तीन-चार असतो, आणि पाचव्या मिनिटाला तीच बाळं सात-आठवर येऊन हातपाय झाडू लागतात. इथपर्यंत फार भिण्यासारखं काही नसतं. घात होतो तो घाईने. खालून ओढलं की बाळ दचकल्यासारखे हात डोक्यावर टाकतं, छातीला टेकलेली हनुवटी सुटते, आणि जे डोकं अरुंद बाजूने उतरलं असतं ते रुंद बाजूने अडून बसतं. पोटाला धरून ओढलं तर यकृताला, प्लीहेला इजा होते. तीही मी पाहिली आहे.

जाणकार प्रसूतितज्ज्ञ इथे काय करतो? बराच वेळ काहीच करत नाही. 'हात दूर ठेवा' हा तुमच्याच शास्त्रातला जुना धडा. कळ आणि आईचा जोर यांना काम करू द्यायचं, बाळाची पाठ योग्य दिशेला राहते आहे एवढं पाहायचं. हात लावायची वेळ आलीच तर कमरेच्या हाडांवर. बाळाचे हात वर अडकले असतील तर लोवसेट या नॉर्वेच्या डॉक्टरांची पद्धत : बाळाला अर्धा फेरा फिरवून एक खांदा सोडवायचा, मग उलट फिरवून दुसरा. डोक्यासाठी मॉरिसो-स्मेली-वाइट या तीन डॉक्टरांच्या नावाची पद्धत : बाळ आपल्या हातावर घोड्यावर बसवल्यासारखं, दोन बोटं गालांच्या हाडांवर, डोकं वाकलेलं राहील असा आधार, आणि सहकाऱ्याचा पोटावरून बेताचा दाब. यातला मॉरिसो सतराव्या शतकातला. साडेतीनशे वर्षांत या गोष्टी हातातून हातात आल्या. बोटांची ही समज आणि थांबण्याचा धीर पुस्तक वाचून येत नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

'टर्म ब्रीच ट्रायल'वर पुढे बरीच टीका झाली. काही केंद्रांत अनुभवी माणूस हजर नव्हता, बाळाची नीट निवड झाली नव्हती, असे आक्षेप घेतले गेले. त्या सगळ्यांत मी शिरत नाही. दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात, कारण आईला सल्ला देताना त्या क्वचितच बोलल्या जातात. पहिली, त्या ५ टक्क्यांत मोजलेली 'गंभीर इजा' म्हणजे प्रत्येक वेळी कायमचं अपंगत्व नव्हे. चार दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेलं बाळही त्यात धरलं होतं. निवडक केंद्रांतल्या ९२३ मुलांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा मृत्यू किंवा विकासातला अडथळा सिझेरियनच्या गटात ३.१ टक्के आणि नॉर्मलच्या गटात २.८ टक्के निघाला. म्हणजे फरक उरला नव्हता. याचा अर्थ जन्मावेळचे मृत्यू विसरावेत असा नाही. पण 'नॉर्मल केलं तर मूल मंदबुद्धी होईल' असं जे वाक्य मी वॉर्डात ऐकलं आहे, त्याला या अभ्यासाचा आधार नाही.

दुसरी गोष्ट फ्रान्स आणि बेल्जियमची. तिथे पायाळू प्रसूतीची सवय मोडलेली नव्हती. १७४ केंद्रांतल्या ८१०५ स्त्रियांची नोंद ठेवून २००६ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी नीट तपासून निवड, कळांच्या काळात सतत देखरेख, प्रगती थांबली की लगेच सिझेरियन, अशा शिस्तीत नॉर्मल ठरवलेल्या २५२६ पैकी ७१ टक्के स्त्रियांची प्रसूती नॉर्मल झाली. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा नॉर्मल ठरवलेल्या गटात १.६० टक्के, सिझेरियन ठरवलेल्या गटात १.४५ टक्के. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, नोंदींचा अभ्यास होता, हे मला ठाऊक आहे. तरीही जिथे हात शिकलेले आहेत आणि निवड कडक आहे तिथे हे अंतर किती कमी होऊ शकतं, ते त्यात स्पष्ट दिसतं.

मग आईला काय सांगायचं? ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जे आकडे दिले आहेत ते मला प्रामाणिक वाटतात. ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझेरियन केलं तर बाळाच्या मृत्यूचा धोका हजारी सुमारे ०.५. पायाळू बाळाची नॉर्मल प्रसूती ठरवली तर हजारी सुमारे २. आणि डोक्याकडून येणाऱ्या बाळाची नॉर्मल प्रसूती ठरवली तर हजारी सुमारे १. हे तीनही आकडे एकत्र सांगायला हवेत. पहिले दोनच सांगितले तर 'चौपट धोका' एवढंच कानात राहतं. तिसरा सांगितला की आईला कळतं की ठरवून केलेलं सिझेरियन कोणत्याही बाळाचा थोडा धोका कमी करतं, कारण ३९ आठवड्यांनंतर पोटातच दगावण्याची आणि कळांमधल्या त्रासाची शक्यता त्यातून जाते. पायाळू असण्याचा खास धोका त्या फरकाचा एक भाग आहे. नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला : एका बाळाचा मृत्यू टाळायला ३३८ सिझेरियन. एखाद्या आईला ते एक बाळ पुरेसं वाटेल, आणि तिचं बरोबर आहे. आणखी दोन-तीन मुलं हवी असलेल्या दुसऱ्या आईला गर्भाशयावरच्या व्रणाची, पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) त्या व्रणात रुतण्याची काळजी मोठी वाटेल, तिचंही बरोबर आहे. आकडे पूर्ण सांगितले, तरच तो निर्णय तिचा असतो.

सिझेरियनने आलेल्या बाळांबद्दलही मला बोललं पाहिजे, कारण तीही माझ्याकडेच येतात. कळा न येता काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी ओसरायला वेळ लागतो. ते कण्हत, धापा टाकत येतं. किती आठवड्यांना काढलं यावर हे फार अवलंबून आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका मोठ्या अभ्यासात ठरवून केलेल्या सिझेरियननंतर श्वासाचा त्रास ३७ आठवड्यांना १० टक्के बाळांना झाला, ३८ आठवड्यांना ५.१ टक्के, ३९ आठवड्यांना २.१ टक्के. 'पायाळू आहे, कळा आधी येतील' या भीतीने ३७ व्या आठवड्यातच तारीख दिली जाते, तेव्हा त्या बाळाच्या वाट्याला काय येतं, ते वॉर्मरजवळ उभं राहून पाहावं अशी माझी विनंती आहे. आणि भीती कळा आधी येण्याचीच असेल, तर तिचं उत्तर तारीख अलीकडे आणणं नाही, लेबर रूममध्ये शिकलेली माणसं असणं हे आहे.

पायाळू बाळाचं सिझेरियन म्हणजे इजेपासून पूर्ण सुटका, असंही नाही. छेदातून बाळ काढतानाही आधी पाय किंवा कुल्ले, मग हात, शेवटी डोकं. छेद अपुरा असेल, घाई झाली, तर तिथेही मांडीचं हाड मोडतं, तिथेही डोकं अडतं, विशेषतः दिवस कमी असलेल्या बाळाचं.

यातच मला तुमच्यासाठी एक मोठी संधी दिसते. सिझेरियनमध्ये वापरायच्या युक्त्या त्याच आहेत : लोवसेट तोच, मॉरिसो तोच. प्रत्येक पायाळू सिझेरियन हा शिकवण्याचा तास होऊ शकतो. टेबलावर भूल दिलेली आहे, उजेड आहे, वरिष्ठ शेजारी आहेत. बाळ ओढून मोकळं होण्याऐवजी रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, म्हणा, कमरेच्या हाडांवर धर, आता फिरव, खांदा कुठे आहे ते बोटाला कळू दे, डोकं वाकलेलं ठेव. जुळ्यांतलं दुसरं बाळ हा असाच आणखी एक प्रसंग. २०१३ च्या मोठ्या चाचणीत, पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर जुळ्यांसाठी ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा फायदा झाला नाही : बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा सिझेरियन ठरवलेल्या गटात २.२ टक्के, नॉर्मल ठरवलेल्या गटात १.९ टक्के. म्हणजे दुसरं बाळ पायाळू असलं तरी ते खालून काढता येणारे हात आजही लागतात.

आणि सराव. बाहुली आणि पेल्व्हिसचं (आईच्या कमरेच्या हाडांचं) मॉडेल घेऊन दर थोड्या महिन्यांनी, सगळ्यांनी मिळून : रेसिडेंट, सिस्टर, भूलतज्ज्ञ, आणि मीही. मला कधी बोलवायचं, घड्याळ कुणी पाहायचं, पोटावरून दाब कुणी द्यायचा, हे त्या रात्री आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन कुणी धरायचा यावरच गोंधळ झाला. परीक्षेत या पद्धतींवर टीप लिहून गुण मिळतात. मी मागते आहे ती बाहुलीवर हाताने करून दाखवण्याची परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय लेबर रूमची रात्रपाळी एकट्याने न देण्याचा नियम.

माझं म्हणणं नॉर्मलच्या आग्रहाचं नाही, हेही स्पष्ट लिहिते. पाय आधी येत असतील तर नाळ घसरून पुढे येण्याचा धोका मोठा. बाळाने मान मागे टाकलेली असेल, वजन फार कमी किंवा फार जास्त असेल, किंवा शिकलेली व्यक्ती हजर नसेल, तर सिझेरियनच करा. मी वॉर्मर गरम करून तुमची वाट पाहीन.

त्याआधी बाळ बाहेरून फिरवण्याचा पर्याय तरी प्रत्येक आईपर्यंत पोहोचू द्या. ३६-३७ आठवड्यांना, सोनोग्राफीच्या देखरेखीत, पोटावरून हाताने बाळ फिरवलं तर साधारण निम्म्या वेळा ते डोक्यावर येतं. तातडीने सिझेरियन करावं लागण्याची वेळ दोनशेत एकदा येते. किती आयांनी मला नंतर विचारलं आहे, "असं करता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." पूर्ण दिवसांच्या शंभरात तीन-चार बाळं पायाळू असतात, त्यातली निम्मी जरी फिरली तरी या पत्रातल्या कितीतरी चिंता मिटतात.

नोंदींबद्दलही एक विनंती. लेबर रूमच्या वहीत पायाळू बाळापुढे 'सिझेरियन' किंवा 'नॉर्मल' एवढंच असतं. बेत काय होता आणि झालं काय, असे दोन रकाने करा. अवचित झालेली नॉर्मल पायाळू प्रसूती आणि निवड करून, तयारीनिशी केलेली नॉर्मल पायाळू प्रसूती एकाच रकान्यात बसली, तर आपलीच आकडेवारी आपल्याला फसवत राहील. आणखी एक : काही बाळं मुळात हालचाल कमी असल्यामुळे, वाढ खुंटल्यामुळे किंवा जन्मजात दोषामुळे फिरलेली नसतात. त्यांची पुढची अडचण प्रसूतीच्या वाटेमुळे आलेली नसते. हा फरक वहीत दिसला, तर वॉर्डातल्या आयांनाही आपण तो सांगू शकू. बऱ्याच जणी वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात.

जाता जाता एक छोटी गोष्ट, जी आजच्या आज करता येईल. डिस्चार्जच्या कागदावर 'ब्रीच' हा शब्द ठळक लिहा, सिझेरियन झालं असलं तरीही. पायाळू बाळांचे खुबे सैल असण्याचा धोका जास्त असतो, मुलींना आणखी जास्त, आणि सिझेरियनने तो नाहीसा होत नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी झाली तर पट्ट्याच्या उपचारावर बहुधा भागतं. उशिरा, मूल लंगडत चालू लागल्यावर कळलं, तर शस्त्रक्रियेची वेळ येते. तो एक शब्द नसल्यामुळे उशिरा आलेली मुलं माझ्या ओपीडीत आहेत.

त्या रात्रीची डॉक्टर आता स्वतः रेसिडेंटना शिकवते. बाहुली तिने स्वतःच्या पैशाने आणली.

आपली,
वॉर्मरजवळची एक सहकारी